मेणाने काढलेला धूर

लेक जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. शाळेने विषय दिला होता, ‘वीज कुठून येते?’ कागदाच्या एका टोकाला तिने डोंगर आणि धरण काढलं होतं, दुसऱ्या टोकाला तीन पात्यांची पवनचक्की, आणि मधोमध एक वीजकेंद्र. त्याला एक उंच, सडपातळ चिमणी होती आणि शेजारी दोन जाडजूड मनोरे, कमरेत जरा बारीक झालेले. ते तिने कुठल्याशा पुस्तकातलं छायाचित्र बघून काढले होते. मनोऱ्यांच्या तोंडातून गुबगुबीत ढग निघत होते. ते तसेच पांढरे ठेवून ती पुढच्या कामाला लागणार, इतक्यात मी वाकून बघितलं आणि म्हणाले, “अगं, हे प्रदूषण ना? मग धूर काळा कर की.” तिने मान वर केली. “पण फोटोत पांढराच होता.” मी घाईत होते. हातात ओले कपडे होते की फोन, आता आठवत नाही. “काळा कर, म्हणजे बघणाऱ्याला कळेल,” असं म्हणून मी निघूनही गेले. तिने काळा मेणखडू उचलला आणि दाबून दाबून, कागद चकचकीत होईपर्यंत ते ढग भरले.

चार दिवसांनी चित्र परत आलं. काळ्या ढगाच्या शेजारी लाल शाईची चांदणी होती.

रात्री ते चित्र फ्रिजवर लावताना माझा हात थबकला. ते मनोरे म्हणजे कूलिंग टॉवर. वीज बनवणारं टर्बाइनचं चाक फिरवून थकलेल्या वाफेला पुन्हा पाणी करायचं, तर तिची उष्णता कुठेतरी टाकावी लागते. ती टाकण्याची ही जागा. त्यांच्या तोंडातून निघतं ते पाण्याचं बाष्प, थंड हवेत आल्यावर त्याचे थेंब होतात आणि ढग दिसतो. चहाच्या कपावर दिसतो तसाच. काही जाळल्याचा धूर त्यात नसतो. जे जळतं त्याचा वायू शेजारच्या त्या सडपातळ चिमणीतून जातो, आणि त्या चिमणीवर लेकीने पेन्सिलीची एक फिकट रेघ ओढून सोडून दिलं होतं, कारण फोटोत तिथे जवळपास काही दिसतच नव्हतं. म्हणजे तिने जे पाहिलं ते तिने बरोबर काढलं होतं. मला जे माहीत आहे असं वाटत होतं, ते मी तिच्याकडून काळ्या खडूने गिरवून घेतलं होतं. एवढीशी गोष्ट, पण ती काही दिवस दातात अडकलेल्या तुसासारखी सलत राहिली.

ही चूक करणारी मी एकटी नाही, अशी समजूत मी काढून घेतली. हवामानबदलावरची कुठलीही बातमी उघडा, सोबत बहुतेक वेळा हाच फोटो असतो: संध्याकाळचं तांबूस आकाश आणि त्यावर कूलिंग टॉवरचे प्रचंड लोट. उन्हाच्या विरुद्ध बाजूने टिपलं की बाष्पसुद्धा काजळीसारखं दिसतं. इंग्लंडमधल्या रॅटक्लिफ-ऑन-सोर इथल्या वीजकेंद्राचे असे आठ मनोरे होते. ३० सप्टेंबर २०२४ ला ते केंद्र बंद झालं आणि त्या देशातली कोळशाची वीज संपली. १८८२ साली लंडनमध्ये होबर्न व्हायाडक्टवर कोळशाची वीज पहिल्यांदा लोकांसाठी तयार झाली होती, तेव्हापासून १४२ वर्षं. शेवटच्या दिवसाच्या फोटोंमध्येही लोकांची नजर मनोऱ्यांवरच होती. शेजारची चिमणी कडेला उभी, फोटोग्राफरांनाही नको असलेल्या पाहुण्यासारखी.

धुराशी माझी पहिली ओळख डोळ्यातूनच झाली, तीही अक्षरशः. लहानपणी वाफेच्या इंजिनाच्या गाडीत खिडकीशी बसले होते आणि वळणावर इंजिन बघायला डोकं बाहेर काढलं. कोळशाचा कण सरळ डोळ्यात. पुढचा सगळा प्रवास आईच्या पदराचा बोळा, तोंडाची फुंकर, पुन्हा बोळा, पुन्हा फुंकर. घरी पोचल्यावर नाक शिंकरलं तर रुमाल काळा. त्या दिवसापासून धूर म्हणजे काय ते शरीराला ठाऊक झालं: तो दिसतो, खुपतो, कपड्यांना वास लावतो आणि अंघोळीने जातो. इतकी वर्षं ‘उत्सर्जन’ हा शब्द कानावर पडला की मनात तोच रुमाल यायचा. पृथ्वी तापवणाऱ्या वायूंना मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यात जात नाही. आणि अंघोळीने जाण्याचं म्हणाल, तर आज हवेत सोडलेल्या त्याच्या काही भागाचा मुक्काम हजारो वर्षांचा असतो.

याहून चक्रावणारी गोष्ट मी पुढे वाचली. कोळशाच्या धुरातल्या गंधकाच्या वायूपासून हवेत जे बारीक कण तयार होतात, ते ऊन परत उधळून लावतात आणि जमीन थोडी थंड ठेवतात. काजळी उलट ऊन शोषून तापवते, ते वेगळं. पण गंधकाचा तो मळकट पडदा, ज्याने माणसांची फुप्फुसं खराब होतात, तो न दिसणाऱ्या वायूने केलेली तापवातापवी काही अंशी झाकून ठेवत होता. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली, आणि समुद्रावर जहाजांच्या मागे ढगांचे जे पांढरे पट्टे उपग्रहातून दिसायचे ते विरळ झाले. हवा स्वच्छ झाली, किनाऱ्यावरच्या लोकांचे श्वास सुधारले, आणि झाकलेली उष्णता थोडी उघडी पडली. हे वाचून आनंद मानावा की काळजी करावी ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही एकदम होतं.

वजनाच्या बाबतीतही डोळा असाच फसतो. जळलं की वस्तू हलकी होते, हे आपण लहानपणापासून बघतो. एवढा मोठा ओंडका आणि उरते मूठभर राख. प्रत्यक्षात जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पाठुंगळी घेऊन निघतो. कार्बनचं वजन बारा, दोन ऑक्सिजनचं बत्तीस, मिळून चव्वेचाळीस. म्हणून एक किलो कार्बन जळला की साडेतीन किलोंहून जास्त वायू होतो. कार्बन हलका होत नाही, साडेतीनपटींहून जड होऊन नजरेआड जातो. हजार वॅटची इस्त्री तासभर चालवली की एक युनिट वीज लागते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाने, आयपीसीसीने, २०१४ साली जगभरच्या अभ्यासांवरून हिशेब मांडला तेव्हा कोळशाच्या एका युनिटमागे मधला आकडा आला ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका. मी कागदावर गणित करून पाहिलं: तेवढा वायू नेहमीच्या हवेच्या दाबाला साडेचारशे लिटर जागा व्यापतो. दोनशे लिटरची दोन पिंपं भरून वर उरेल एवढा. तासाभराची इस्त्री आणि खोलीत दोन पिंपं. पुढच्या वेळी इस्त्री करताना मी खरंच कोपऱ्यात बघितलं, ती पिंपं कुठे मावली असती म्हणून.

न दिसणारं दाखवायचं कसं, हा प्रश्न ज्यांनी पहिल्यांदा हाताळला त्यांत एक बाई होती, हे मला फार उशिरा कळलं. युनिस फूट. अमेरिकेतल्या या बाईने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळी हवा भरली, आत थर्मामीटर ठेवले आणि नळकांडी उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं, आणि सावलीत आणल्यावर निवायला कितीतरी जास्त वेळ लागला. हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वीही जास्त तापलेली असती, असं तिने लिहून ठेवलं. साल १८५६. तो निबंध शास्त्रज्ञांच्या सभेत वाचला गेला, पण तिच्या तोंडून नाही. जोसेफ हेन्री या प्राध्यापकाने तो वाचला. मग दीडशे वर्षं तिचं नाव कुणी घेतलं नाही. तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, जॉन टिंडलने लंडनमध्ये नेमकं कारण मोजून दाखवलं: हवेचा मोठा भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेच्या किरणांना बिनदिक्कत जाऊ देतात, अडवतात ते थोडेसे असलेले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड. मला टिंडलच्या चोख यंत्रापेक्षा फूटबाईंची उन्हात मांडलेली नळकांडी जवळची वाटतात. सावलीत आणलेलं नळकांडं निवत नाहीये आणि ती थांबून बघते आहे. तिनेही डोळ्यांवर विश्वास टाकला, फक्त तो पाऱ्याच्या रेघेवर टाकला.

पुढे १९५८ साली चार्ल्स कीलिंगने हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर या वायूची नोंद सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. ती रेघ करवतीसारखी दात काढत वर जाते. उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की खाली, पानगळ झाली की वर. म्हणजे वर्षातून एकदा पृथ्वी श्वास घेते आणि सोडते, आणि आपण काय जाळलं ते त्या श्वासाखाली साचत जातं.

कोळशाची बदनामी सोपी आहे. मी अडखळले ती गॅसपाशी.

स्वयंपाकघरात वाहिनीतून येणाऱ्या गॅसची निळी ज्योत बघताना स्वच्छ वाटतं, आणि ते खोटं नाही. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्यात कार्बनच्या एका अणूला हायड्रोजनचे चार असतात, त्यामुळे त्याच्या उष्णतेचा बराच वाटा हायड्रोजन जळून पाणी होण्यातून येतो. गॅसवरच्या विजेचा आयपीसीसीच्या त्याच यादीतला आकडा ४९० ग्रॅम, कोळशाच्या निम्म्याहून थोडा वर. काजळी नाही, राख नाही. पण मिथेन न जळता निसटला तर? पहिल्या वीस वर्षांत तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून जास्त उष्णता अडकवतो. बारा-एक वर्षांत त्याचा बराचसा भाग हवेत विघटित होतो, म्हणून शंभर वर्षांचा हिशेब केला तर हीच पट अठ्ठावीसच्या आसपास येते. विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या वाटेत, नळ्यांच्या सांध्यांतून, दाब वाढवणाऱ्या यंत्रांतून शंभरातले तीनेक भाग जरी गळाले, तरी पुढच्या वीस वर्षांपुरता गॅसने कोळशावर मिळवलेला फायदा जवळपास संपतो. एकाच वायूला ऐंशी म्हणायचं की अठ्ठावीस, हे कोण किती वर्षं पुढे बघतो त्यावर ठरतं, आणि ज्याला जो आकडा सोयीचा तो त्याच्या कागदावर असतो.

आणि तो ओळखीचा वास? गळती झाली की आपण धावत जाऊन खिडक्या उघडतो, तो उग्र, नासक्या अंड्यासारखा वास गॅसचा नसतोच. मिथेनला वास नाही. माणसाच्या नाकाला कळावं म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग मुद्दाम मिसळतात. घराघरांत पोचवताना हे केलं जातं. दूर कुठे विहिरीवर किंवा मोठ्या वाहिनीवर निसटतो तो बहुतेक वेळा निर्गंध. तिथे उष्णतेची किरणं टिपणारा कॅमेरा लावला की एरवी निरभ्र दिसणाऱ्या आकाशात टाकीच्या झाकणावरून लोट उठताना दिसतात. असा एक व्हिडिओ मी दोन भागांत पाहिला, आधी साध्या कॅमेऱ्याचा, मग त्या कॅमेऱ्याचा. पहिल्यात निळं आकाश आणि एक टाकी. दुसऱ्यात तीच टाकी वेड लागल्यासारखी धुमसतेय. माझ्या पाठीतून शिरशिरी गेली. नाकाला आपण कृत्रिम वास शिकवला, डोळ्यांना तसं काही अजून कुणी शिकवलेलं नाही.

आजीच्या चुलीचा धूर मात्र सगळ्या इंद्रियांना पुरून उरणारा होता. फुंकणीने फुंकताना तिचे डोळे लालबुंद व्हायचे आणि ती म्हणायची, लाकूड ओलं आहे, रडवतंय. वर्षानुवर्षं मला ती चूल पापी वाटायची आणि नंतर कुठल्याशा लेखात वाचलं की लाकडाचा कार्बन ‘हिशेबात धरत नाहीत’, कारण झाडाने तो हवेतूनच घेतलेला असतो. मग चूल एकदम पुण्यवान झाली! खरं दोन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळतं. तेवढ्याच उष्णतेसाठी लाकूड जाळलं तर कोळशापेक्षा जास्तच कार्बन डायऑक्साइड निघतो. तो फेडायचा तर त्या जागी दुसरं झाड वाढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. वाळक्या काटक्या, ज्या कुजून तसाही वायू सोडणारच होत्या, त्या जाळणं वेगळं. उभं जंगल तोडून त्याच्या गोळ्या करून जहाजातून वीजकेंद्रापर्यंत नेणं वेगळं. पहिल्यात उधारी थोड्या वर्षांची, दुसऱ्यात काही दशकांची. कागदावर मात्र दोन्हींचं नाव एकच, जैवइंधन. आजी पडलेल्या फांद्याच गोळा करायची, हे आठवून मला उगाच बरं वाटलं. तिच्या फुप्फुसांचं काय झालं ते आठवून ते बरं वाटणं टिकलं नाही.

लेकीच्या चित्रातलं धरण तिने फार मन लावून काढलं होतं. निळं पाणी, वर एक होडी, कडेला दोन झाडं. धरणाविषयी वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पाणी वरून खाली येतं, चाक फिरवतं, पुढे जातं, त्यात जळतं काय? मी एकदा एका जुन्या जलाशयाच्या काठावर संध्याकाळभर बसले होते. पाण्यातून बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आले होते, वठलेले, राखाडी, त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. पाणी इतकं शांत की मधूनच तळातून येणारा बुडबुडा स्पष्ट दिसायचा. एक इथे, मग बराच वेळ काही नाही, मग तीन-चार ओळीने तिथे. मला वाटलं मासे. खूप नंतर कळलं की त्यातले पुष्कळसे मासे नसतात. पाण्याखाली गेलेलं रान आणि वाहून आलेला पालापाचोळा तळाशी कुजतो. खोल पाण्यात प्राणवायू नसला की त्या कुजण्यातून मिथेन तयार होतो. काही बुडबुड्यांतून वर येतो, काही खोल पाण्यात दाबाखाली विरघळून राहतो. टर्बाइनसाठी तेच खोलचं पाणी ओढलं जातं आणि पलीकडे बाहेर पडताना दाब एकदम उतरला की सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू मोकळा होतो.

ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या खोऱ्यात उआतुमा नदीवर बालबिना नावाचं धरण आहे. १९८७ साली ते भरायला लागलं आणि दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल पाण्याखाली गेलं; जमीन सपाट, त्यामुळे पाणी खोल होण्याऐवजी पसरत गेलं. हे सगळं २५० मेगावॉटच्या यंत्रांसाठी. शास्त्रज्ञांनी तिथे मोजमाप केलं तेव्हा तेवढीच वीज कोळशावर केली असती तर निघाला असता त्याहून जास्त उष्णताधारक वायू त्या पाण्यातून निघताना आढळला. उलट थंड प्रदेशात, खडकाळ खोल दरीत बांधलेलं धरण जवळपास काहीच सोडत नाही. आयपीसीसीच्या त्याच यादीत जलविद्युत युनिटमागे मधला आकडा २४ ग्रॅम आहे, पण त्या आकड्याच्या पोटात १ पासून २२०० पर्यंतचा पसारा आहे. चोवीस हा आकडा कुठल्याच खऱ्या धरणाचा नसावा, असं मला तो पसारा बघून वाटतं. पाण्याला कसला दोष द्यायचा? दोष असेल तर कुठली जमीन बुडवली, झाडं आधी काढली की नाही, हवा किती उष्ण, यात आहे. निळ्या मेणखडूत यातलं काही येत नाही.

पवनचक्कीखाली उभं राहण्याचा अनुभव मला अजून पुरता सांगता येत नाही. लांबून ती खेळण्यासारखी दिसते. खाली गेल्यावर प्रत्येक पातं डोक्यावरून जाताना हुश्श करतं आणि त्याची सावली अंगावरून धावत जाते, आपण नकळत मान खाली घालतो. तिच्या युनिटमागे ११ ते १२ ग्रॅम. फिरताना ती काहीही सोडत नाही, मग हे अकरा ग्रॅम कुठले? ते तिच्या पायाखाली आहेत. पायात शेकडो घनमीटर काँक्रीट असतं, त्याचं सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते आणि भाजताना खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी कशावरही चालवा, दगड तो सोडणारच. वर पोलादाचा खांब, पोलादासाठी कोळसा. हे सगळं एकदाच जाळून होतं आणि नंतर वीस-पंचवीस वर्षांच्या विजेत वाटलं जातं. बांधायला लागलेली ऊर्जा ती साधारण वर्षभराच्या आत फेडते आणि उरलेलं आयुष्य निव्वळ फिरते. सौर पॅनेलची गोष्टही याच जातीची, पण आकडा जरा मोठा, २०१४ च्या यादीत ४१ ते ४८, आणि तेव्हापासून उतरत आलेला. गारगोटीतून सिलिकॉन काढायचं तर विजेच्या झोतभट्टीत तिला कार्बनसोबत तापवावं लागतं, दोन हजार अंशांच्या आसपास. जगातली बहुतेक पॅनेलं चीनमध्ये होतात आणि तिथली पुष्कळ वीज कोळशाची आहे. छपरावर निवांत ऊन खात पडलेल्या त्या निळसर काचेत कोळशाचा अंश असतो. पण म्हणून ‘सगळं सारखंच’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आठशे वीस आणि चाळीस सारखे नसतात. ज्याला हा फरक दिसत नाही त्याने पगाराच्या बाबतीत तो न दिसल्यासारखं करून दाखवावं.

जाता जाता एक. वीज कुठूनही येवो, तिला मोठ्या दाबावर चालू-बंद करणाऱ्या बंदिस्त यंत्रांत ठिणगी विझवायला बहुतेक ठिकाणी सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा वायू भरलेला असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेवीस हजार पटींहून जास्त तापवतो. असतो थोडासाच, पण गळला तर गळला. पवनचक्कीच्या विजेलाही त्याच यंत्रांतून जावं लागतं.

राहिले ते मनोरे, ज्यांनी हे सगळं सुरू केलं. अणुवीज केंद्रांनाही असेच मनोरे असतात, म्हणून लोक त्या ढगाला किरणांचा धूर समजतात. तोही ढग पाण्याचाच. अणुविजेचा आकडा १२, पवनचक्कीच्या पंगतीतला. हे मला डोक्याने मान्य आहे. पण मनाच्या तळाशी एप्रिल १९८६ बसलेला आहे. चेर्नोबिलच्या अणुकेंद्रातल्या स्फोटाच्या बातमीतली एक गोष्ट विसरता येत नाही: बाहेरच्या जगाला पहिली शंका आली ती हजारेक किलोमीटर दूर स्वीडनमध्ये, फोर्समार्कच्या अणुकेंद्रात, एका कामगाराच्या बुटांपाशी किरणोत्सर्ग ओळखणारं यंत्र वाजलं तेव्हा. बूट स्वच्छ दिसत होते. मग २०११ साली जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुकेंद्राचा अपघात. जर्मनीने आपली शेवटची तीन केंद्रं एप्रिल २०२३ मध्ये बंद केली तेव्हा तिथे कोळसा जळतच होता, आणि मला तो निर्णय चुकीचा वाटला. पण माझ्या घरासमोर असं केंद्र येतंय म्हटलं तर मी किती तात्त्विक राहीन याची खात्री नाही. एका न दिसणाऱ्या गोष्टीला आपण एवढं घाबरतो की यंत्रं लावून बूट तपासतो. दुसरी न दिसणारी गोष्ट दिवसाला दोन-दोन पिंपं खोलीत सोडत असते आणि आपण शर्टाची कॉलर इस्त्री करत असतो.

रविवारी मी लेकीसमोर कबुली दिली. चित्र फ्रिजवरून काढलं आणि सांगितलं की मनोऱ्यांतून निघतं ते पाण्याचं बाष्प, तू पांढरं ठेवलं होतंस तेच बरोबर होतं. तिने मला जरा वेळ शांतपणे बघून घेतलं, मोठ्यांची चूक हातात आली की मुलं बघतात तसं. मग विचारलं, “बाष्पाने गरम होत नाही का?” मी उडालेच. होतं, टिंडलने ते मोजलंच होतं. पण बाष्प नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं, आणि हवेत ते किती मावेल हे हवा किती तापली आहे त्यावर ठरतं. म्हणून मनोऱ्यातल्या ढगाने त्यात भर पडत नाही, हवा तापवणारे दुसरेच. हे मी तिला जमेल तसं सांगितलं. तिला कितपत पटलं देव जाणे. “मग खरा धूर कुठल्या रंगाने काढायचा?” ती म्हणाली. “तो दिसत नाही ना?”

मी ड्रॉवरमधून मेणबत्तीचा तुकडा काढून दिला. कोऱ्या कागदावर मेणाने काढलं की काहीच दिसत नाही, पण वरून पाण्याचा रंग फिरवला की मेण असेल तिथे रंग धरत नाही आणि रेघ उघडी पडते. हा खेळ मला माझ्या आईने शिकवला होता. लेक पुन्हा पालथी पडली. सडपातळ चिमणीवर तिने मेणबत्ती गोल गोल इतकी घासली की मेणाचे तुकडे पडले. “धरणावर किती?” मी म्हटलं, सांगणं अवघड आहे, थोडे बुडबुडे काढ. तिने होडीभोवती सात-आठ टिपके दिले, मोजून. “पवनचक्कीवर?” मी म्हटलं, वर नको, पायाशी, अगदी बारीक. तिथे तिने मुंगीएवढी रेघ ओढली. मग वाटीत निळा रंग कालवला आणि जाड ब्रशने आभाळ रंगवायला घेतलं.

निळं पसरत गेलं तसा चिमणीवरून एक पांढरा अजस्र लोट वर आला, कागदाच्या कडेपर्यंत. पाण्यावर टिपके उमटले. पवनचक्कीच्या पायाशी काहीतरी पुसट. मनोऱ्यांवरचा काळा ढग होता तसाच राहिला, शेजारची लाल चांदणी मात्र पाण्याने फुटून गुलाबी झाली. मेणखडूवर पाणी धरत नाही. निळे थेंब त्याच्यावरून गोळा होऊन घरंगळले.

“आणि आई, हा काळा?” तिने ब्रशच्या टोकाने दाखवलं.

“तो राहू दे,” मी म्हटलं. “तो माझा आहे.”